घरचे कोण?

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या घरी अनारशांचा प्रश्न निघतो. चकली, शेव, चिवडा, करंज्या हे सारे सौभाग्यवती अजून हौसेने घरीच करतात. पण अनारशांचे पीठ मनासारखे जमले नाही तर त्यांचा सगळा सण बिघडतो, म्हणून गेली काही वर्षे तेवढे अनारसे बाहेरून येतात. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक बाई राहतात. नवरात्र संपले की त्या दारात येऊन विचारून जातात, "काकू, यंदा किती लागतील?" यंदाही आल्या, आणि यंदा त्यांना नकार मिळाला. सौभाग्यवतींनी अनारसे आपल्या धाकट्या जावेकडे सांगितले होते. मी सहज भाव विचारला, तर उत्तर आले, "भाव कसला विचारायचा? घरचंच आहे ते!"

मी गप्प बसलो. जावेला कोणी भाव विचारत नाही, हे मलाही कळते. पण ते 'घरचे' कसे, हे मात्र उमगेना. धाकट्या भावाची चूल वेगळी झाल्याला आता वीस वर्षे होतील. त्यांचा हिशोब निराळा, आमचा निराळा. अनारशांचे पैसेही भाऊबिजेनंतर पाकिटात घालून जायचेच होते. मग यात घरचे ते काय राहिले? आणि काही राहिले असलेच, तर त्यापायी त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या बाईंनी आमच्या दारातून विन्मुख का परतावे?

प्रश्न अनारशांपुरता असता तर फराळाबरोबर तोही मी गिळून टाकला असता. पण माझी सारी नोकरी एका नगरपालिकेच्या लेखा शाखेत गेली, आणि 'घरचंच आहे' या वाक्याचे सरकारी भाषांतर मी एकदा स्वतःच्या हाताने कागदावर लिहून ठेवले आहे. ते अधूनमधून मला आठवते, आणि अशा वेळी तर फारच आठवते.

गोष्ट १९९६ सालची. सफाई कामगारांना दर दिवाळीला गणवेशाचे दोन जोड द्यायचे असत. त्यासाठी निविदा निघे, मोहोरबंद पाकिटे येत, आणि बहुधा गावातल्याच एका शिंप्याचा भाव सर्वांत कमी ठरे. त्याच्याकडे चार यंत्रे होती; काजे-बटणे करायला शेजारच्या दोन बायका येत. एखाद्या वर्षी दुसऱ्याचा भाव कमी आला की हा मुकाट्याने बयाण्याची रक्कम परत घेऊन जाई आणि पुढल्या वर्षी आणखी चार आणे उतरून येई. त्या वर्षी मात्र एका सरकारी महामंडळाचे पत्र आले. आम्ही शासनाचाच उपक्रम आहोत, गणवेश पुरवतो, आमच्याकडून घेताना निविदेचे कारण नाही, असा त्याचा मतलब. मुख्याधिकाऱ्यांनी ते माझ्याकडे टाकले. मी टिपणी लिहिली: "सदर महामंडळ हा शासनाचाच उपक्रम असल्याने निविदा मागविण्याची आवश्यकता वाटत नाही. मान्यतेस्तव सादर."

ही टिपणी लिहिताना मला कोणी लाच दिली नव्हती, की कोणी डोळे वटारले नव्हते. उलट आपण काही चांगले करतो आहोत, असेच मला वाटत होते. सरकारचा पैसा सरकारच्याच घरात राहील. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायला पाकिटे कशाला फोडायची? आणि निविदा म्हणजे काही गंगाजळ नव्हे, हेही मी पाहिलेले होते. तीन निरनिराळ्या दुकानांच्या नावांची तीन दरपत्रके यावीत आणि तिन्हींतला 'र' एकाच टंकयंत्रावर मोडलेला असावा, असे प्रकार माझ्या टेबलावरून गेलेले होते.

आदेश गेल्यानंतर काही दिवसांनी तो शिंपी कचेरीत आला. टेबलाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "साहेब, माझा भाव जास्त होता का?"

मी म्हणालो, "तसं नाही. यंदा निविदाच नव्हती. सरकारी संस्थेला दिलं काम."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे सरकारच शिवणार?"

मी म्हणालो, "होय."

गणवेश दिवाळीऐवजी संक्रांत उलटल्यावर आले. गठ्ठे सोडले तेव्हा प्रत्येक सदऱ्याच्या गळ्याला एका दूरच्या शहरातल्या खाजगी कारखान्याची चिठ्ठी शिवलेली होती. महामंडळाने एक टाकाही घातला नव्हता. व्यापाऱ्याकडून माल उचलला, आपले शुल्क चढवले आणि आपले बिल आम्हाला पाठवले. जोडामागे सव्वीस रुपये जास्त पडले. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. कागद सगळे जागच्या जागी होते. आणि मी त्या शिंप्याला बोलावून "बाबा रे, सरकारने शिवले नाहीत" असे काही सांगितले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सार्वजनिक संस्थेने काम देताना निविदा का मागवायची? पैसा लोकांचा, तो जपून खर्च व्हावा, हे झाले एक कारण. पण मला वाटते, त्याहून खोल असे दुसरे एक कारण आहे. खाजगी माणसाला आवडनिवड असते. मी माझ्या मामेभावाच्या दुकानातून साखर घेतली तर तो माझा प्रश्न. नगरपालिकेला मामेभाऊ नसतो. तिला सगळेच परके, किंवा म्हणा, सगळेच आपले. तिच्या दाराशी जो जो उभा राहील, त्याला एकाच मापाने मोजणे हे तिचे कर्तव्य आहे. निविदा ही परक्यांशी न्यायाने वागण्याची रीत आहे.

पण म्हणजे जिथे परका कोणी नाहीच, तिथे ही रीतही नको. पालिकेचे झाडूवाले रस्ता झाडतात, पालिकेचे नोकर नळाला पाणी सोडतात. कोणी शहाणा माणूस असे म्हणत नाही की, उद्याच्या झाडण्याची आज बोली लावा. आपल्या घरची भांडी आपण घासली म्हणून मोलकरणीवर अन्याय झाला असे होत नाही. समाजाने आपले काम आपल्या हाताने करावे, प्रत्येक गोष्ट बाजारात नेऊ नये, हा त्याचा हक्क आहे, आणि तो मोलाचा आहे. अडचण येते ती मधल्या मुलखात. पालिकेने स्वतःची कंपनी काढली, तर ती घरची की बाहेरची? शेजारच्या पालिकेशी करार केला तर? राज्याचे महामंडळ असेल तर? सख्खा भाऊ, चुलत भाऊ आणि मानलेला भाऊ या तिघांनाही आपण 'भाऊ'च म्हणतो. वाटणीच्या वेळी मात्र तिघांना एका पंक्तीला बसवत नाही.

माझी एक पुतणी जर्मनीत हँबुर्गला कायदा शिकते. यंदा ती दिवाळीला आली आहे. तिला मी अनारसे आणि गणवेश या दोन्हींची हकीकत सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, यावर तिकडे पंचवीस वर्षं खटले चाललेत." मग चार संध्याकाळी ती सांगत होती आणि मी ऐकत होतो.

उत्तर इटलीत रेज्जो एमिलिया प्रांतात व्हियानो नावाचे छोटेसे गाव आहे. १९९७ साली तिथल्या नगरसभेने आपल्या काही इमारती ऊबदार ठेवण्याचे काम, इंधनासकट, आगाक नावाच्या संस्थेला निविदेवाचून देऊन टाकले. ही संस्था त्या भागातल्या अनेक नगरपालिकांनी मिळून गॅस आणि पाणी पुरवण्यासाठी काढलेली. व्हियानोही तिचे एक सभासद. टेकाल नावाची, हाच धंदा करणारी खाजगी कंपनी न्यायालयात गेली. तो वाद लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे आला आणि १८ नोव्हेंबर १९९९ रोजी त्या न्यायालयाने जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. करार दोन वेगळ्या व्यक्तींत झाला असेल तर दुसरी बाजू सरकारी आहे एवढ्याने नियम सुटत नाही. तो सुटतो केव्हा? जेव्हा काम देणाऱ्याचा त्या संस्थेवर स्वतःच्या खात्यावर असावा तसा ताबा असेल, आणि ती संस्था आपले मुख्य काम आपल्या धन्यांसाठीच करीत असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात.

पाहा, न्यायालयाने शिक्का पाहिला नाही, पाटी पाहिली नाही. तुझा शब्द तिथे चालतो का, आणि ती तुझ्यासाठी राबते का, एवढेच विचारले. घरातल्या माणसाची याहून चांगली खूण मला तरी सुचत नाही. (या कसोटीला आमच्या अनारशांचे काय होईल ते मी सौभाग्यवतींना सांगितलेले नाही. धाकट्या जावेवर त्यांचा ताबा आहे, असे म्हणण्याचे धाडस या घरात अजून कोणी केलेले नाही.)

पुढे २००५ मध्ये जर्मनीतल्या हाले शहराचा खटला आला. कचऱ्याच्या विल्हेवाटीचे काम शहराने एका कंपनीला निविदेवाचून दिले. त्या कंपनीत शहराचा वाटा, आपल्या इतर कंपन्यांमार्फत, ७५.१ टक्के आणि खाजगी भागीदाराचा २४.९ टक्के. तीन चतुर्थांश घरचे, एक चतुर्थांश बाहेरचे. आपल्याकडच्या एखाद्या समितीने 'बहुतांशी शासकीय' असा शेरा मारून फाईल पुढे ढकलली असती. न्यायालयाने म्हटले, नाही. खाजगी भांडवलाचे हेतू निराळे असतात. शिवाय त्या भागीदाराला असे काम आयते मिळाले तर त्याच्या बरोबरीच्या इतरांवर अन्याय होतो. दुधात मिठाचा खडा लहान की मोठा, याची चर्चा त्यांनी केली नाही.

२०१४ साली युरोपीय संघाने हे सारे निर्देशात बांधून टाकले: ताबा हवा, ८० टक्क्यांहून अधिक काम धन्याने सोपवलेले हवे, आणि खाजगी भांडवलाचा थेट वाटा, काही मोजके अपवाद सोडता, नको. ८० च का, ७५ का नाही, असे मी विचारले. पुतणी म्हणाली, "कुठेतरी रेघ ओढायलाच हवी ना?" खरे आहे. अठराव्या वर्षाच्या आदल्या दिवशी माणूस अज्ञान असतो आणि दुसऱ्या दिवशी सज्ञान, हेही आपण चालवून घेतोच.

पण मला सर्वांत आवडला तो तिच्याच गावचा, हँबुर्गचा खटला. हँबुर्गच्या नगर स्वच्छता विभागाने कचरा जाळणारी मोठी भट्टी उभारायचे ठरवले. भोवतालच्या चार जिल्ह्यांनाही कचऱ्याची अडचण होती. १९९५ साली त्यांनी वीस वर्षांचा करार केला: भट्टीच्या ३,२०,००० टन क्षमतेपैकी १,२०,००० टन चार जिल्ह्यांसाठी राखून ठेवायची, आणि जिल्ह्यांनी त्याचे पैसे द्यायचे, शिवाय आपल्या कचरा-भराव्याच्या जागांतली न वापरलेली जागा हँबुर्गला द्यायची. इथे कोणाचा कोणावर ताबा नाही. सगळे बरोबरीचे शेजारी. पहिल्या कसोटीने हा करार नापासच व्हायचा. पण २००९ मध्ये न्यायालयाने तो योग्य ठरवला: सार्वजनिक संस्था आपले सार्वजनिक कर्तव्य एकमेकींच्या मदतीने पार पाडत असतील, आणि त्यातून कोणा खाजगी माणसाला इतरांच्या पुढे नेले जात नसेल, तर त्यांना बाजारात जायची सक्ती नाही.

मला यात आपली सावड दिसली. तुझी बैलजोडी आज माझ्या शेतात, माझी उद्या तुझ्या शेतात. त्यात मजुरी ठरत नाही म्हणून मजुरावर अन्याय होतो, असे गावात कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. मात्र सावडीत दोघांच्याही अंगाला माती लागते. सावडीला म्हणून बोलावलेला गडी स्वतः बांधावर बसून राहिला आणि त्याने तिसऱ्याच माणसाला रोजाने पाठवून दिले, वर आपली दलाली मागितली, तर त्याला सावड म्हणायला कोणी तयार होणार नाही. आमचे महामंडळ नेमके बांधावर बसले होते.

आपल्याकडे याविषयी विचार झालेला नाही असे मुळीच नाही. मीरत महानगरपालिकेच्या २००६ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक कामात जाहीर निविदा हा नियम, आणि नुसत्या नेमणुकीने काम देणे हा विरळा अपवाद. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये त्याच निकालाचा आधार घेऊन परिपत्रक काढले. आणि २०२३ च्या जानेवारीतला एक निकाल तर जणू माझ्या टिपणीलाच उत्तर म्हणून लिहिलेला आहे. उत्तर प्रदेश सरकारने आयुष अभियानातली आयुर्वेदिक औषधे केंद्र सरकारच्या एका औषध कंपनीकडून निविदेवाचून घेतली. केरळातल्या एका आयुर्वेदिक सहकारी संस्थेने आव्हान दिले. सरकारची बाजू अशी की, ही सरकारी कंपनी आहे, औषधांच्या दर्जाची खात्री आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते मानले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही मानले नाही. औषधे करणारे इतरही आहेत; मग एकालाच का निवडले, याचे पटण्याजोगे कारण द्या, नाहीतर घटनेच्या चौदाव्या कलमातली समानता कुठे राहिली? कंपनी केंद्राची, उत्तर प्रदेश तिचा धनी नव्हे. इटलीतल्या त्या गावची कसोटी लावली असती तरी माझ्या मते निकाल हाच आला असता.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत बांधकामे सार्वजनिक उपक्रमांकडे सोपवायची वाट ठेवलेली आहे. पण त्या उपक्रमांत आपसात स्पर्धा व्हावी, असेही तिथेच म्हटले आहे. स्पर्धा कशावर? मुख्यतः काम पार पाडण्याच्या एकरकमी सेवाशुल्कावर. हे वाचले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. भिंत कोण स्वस्त बांधतो याची नव्हे, तर ती बांधवून घ्यायचे कोण कमी घेतो, याची चढाओढ! त्याची काही व्यावहारिक कारणे असतील, आणि पुढे भिंत बांधणारा निवडताना तो उपक्रम निविदा काढीलही. पण 'सरकारच बांधणार' असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, ते तरी आपल्याला ठाऊक असावे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बळकट आहे. विणकरांची सोसायटी, खादी, अपंगांचे उद्योगकेंद्र यांच्याकडून सरकारने चार पैसे जास्त देऊन माल घ्यावा की नाही? मी म्हणतो, अवश्य घ्यावा. पण तो उघड सांगून घ्यावा. "आम्हाला या माणसांचे हातमाग चालू ठेवायचे आहेत, म्हणून आम्ही महाग घेतो," असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो, त्याला मत देता येते किंवा नाकारता येते. 'आपलेच आहे, निविदा कशाला' असे म्हणणाऱ्याशी वाद घालायला जागाच उरत नाही. आपला तो बाब्या या न्यायाने चाललेले घर निदान आपल्या पैशावर चालते.

आणि आता जे मला सर्वांत अवघड वाटते ते. समजा, त्या वर्षी आमच्या पालिकेने स्वतःचा शिवणविभाग काढला असता. सफाई कामगारांच्या विधवांना बसवून त्यांच्याकडून गणवेश शिवून घेतले असते. तरीही त्या शिंप्याचे काम गेलेच असते. त्याचे नुकसान अगदी तेवढेच, रुपया न् रुपया. मग त्याच्यावर अन्याय झाला असता का? मला वाटते, नाही. आणि मग प्रत्यक्षात झाला तो अन्याय कशात होता? सव्वीस रुपयांत नव्हे; ते तर पालिकेचे गेले. मी पुष्कळ दिवस याचा विचार केला आहे. शिवणविभाग असता तर उशिराचा जाब एखाद्या नगरसेवकाने सभेत विचारला असता आणि कोणाला तरी उभे राहून उत्तर द्यावे लागले असते. महामंडळाला आमच्यापैकी कोणी काही विचारू शकत नव्हते. जिथे जाब विचारता येत नाही, तिथे 'आपले' हा शब्द मी कोणत्या तोंडाने लिहिला? आणि दुसरे असे की, त्या शिंप्याने मला एक साधा प्रश्न विचारला होता, आणि त्याला माझ्याकडून जे उत्तर मिळाले ते खरे निघाले नाही.

पुतणीने काल हेच विचारले. "मग काका, नंतर तरी त्यांना सांगितलंत का?"

तिच्या प्रश्नाने मला बसवेना. आज सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. चारातली दोन यंत्रे उरली आहेत. एकावर त्याची सून शाळेचे गणवेश शिवीत होती. तो आता फक्त मापे घेतो. मी पायजम्याचे कापड पुढे केले, आणि माप देता देता १९९६ सालची सगळी हकीकत सांगून टाकली: चिठ्ठीची, उशिराची, सव्वीस रुपयांची.

त्याने टेप गळ्यात अडकवली. म्हणाला, "ठाऊक आहे, साहेब. ते सदरे खांद्यात मोठे होते. कमी करून घ्यायला तुमचे कामगार माझ्याकडेच आले होते. चिठ्ठ्या मीच उसवल्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही होय म्हणाला होतात," तो म्हणाला, आणि वहीत माझे माप लिहू लागला.